पोथी आणि रोगी : लोणावळ्यांतील एक प्रयत्न

मराठींत एका रोगाचें नांव ‘देवी’ असें आहे. अंगावर फोड उठून माणूस तापानें फणफणूं लागला, म्हणजे घरांतलीं वडील माणसें त्याला रोग झाला असें म्हणत नसत. देवी आल्या असें म्हणत आणि त्याच्या उशाशीं कडूनिंबाचा डहाळा ठेवीत. पुढें इंग्रज सरकारनें टोंचणीचा उपाय सुरू केला, तेव्हां त्या उपायालाहि लोकांनीं ‘देवी काढणें’ असेंच म्हटलें. १९७७ सालीं भारत ह्या रोगापासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. रोग गेला; पण ज्यांच्या दंडावर त्या टोंचणीचे वण आहेत, ते अजून त्यांना देवीचेच वण म्हणतात. पटकीची गोष्ट तशीच. ती आली कीं मरीआईचा गाडा गांवाच्या शिवेबाहेर नेऊन सोडीत. रोग देहांत होतो हें खरें. परंतु तो ओळखला जातो, सांगितला जातो आणि सोसला जातो तो भाषेंत. वैद्य नाडी पाहतो, पण त्याआधीं तो ‘काय होतें?’ असें विचारतो, आणि रोगी जें उत्तर देतो तें शब्दांचेंच असतें. म्हणून रोग समजून घेण्याच्या कामीं शब्दांचा अर्थ लावणाराचाहि वांटा असतो. तो वांटा बहुधा कोणी मोजीत नाहीं. मावळांत मात्र एका संस्थेनें तो मोजला, आणि प्रयोगशाळेच्या शेजारींच ग्रंथशाळा उभारली. त्या प्रयत्नाची हकीकत ऐकण्याजोगी आहे.

मावळ म्हटलें कीं शिवकालीन मावळे आठवतात, कार्ले, भाजें आणि बेडसें येथील लेणीं आठवतात, आणि कार्ल्याच्या चैत्यापुढें नवस फेडावयास जमणारी एकवीरेची यात्रा आठवते. आरोग्याचें ठिकाण म्हणून लोणावळ्याची ख्याति मात्र आगगाडीनंतरची आहे. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ सालीं खुला झाला. तो बांधतांना अपघातानें, तापानें आणि पटकीनें मजुरांचे हजारों बळी पडले. सॉलोमन ट्रेडवेल नांवाचा इंग्रज ठेकेदार १८५९ सालीं ह्या कामासाठीं आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याच्या विधवेनें, ॲलिस ट्रेडवेलनें, तें काम पुढें चालवून तडीस नेलें. ज्या घाटानें इतके जीव घेतले, त्याच्याच माथ्यावर पुढें मुंबईचे लोक जीव सांभाळण्यासाठीं हवापालटास येऊं लागले. लोणावळें आणि खंडाळा येथें बंगले झाले, आरोग्यभवनें झालीं. अशा ह्या लोणावळ्यास १९२४ सालीं ‘कैवल्यधाम’ ही संस्था निघाली.

संस्थेचे जनक डॉक्टर नव्हते, वैद्यहि नव्हते. ते संस्कृताचे अभ्यासी आणि पेशानें शिक्षक होते. जगन्नाथ गणेश गुणे हें त्यांचें मूळ नांव. स्वामी कुवलयानंद हें नांव मागाहूनचें. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजीं गुजराथेंत डभोई येथें झाला. घरची गरिबी. १९०३ सालीं मॅट्रिकच्या परीक्षेंत त्यांनीं संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळविली. ही शिष्यवृत्ति ज्याला मिळे, त्याला गांवांत लोक बोटानें दाखवीत. कारण व्याकरण घोटल्याशिवाय ती मिळत नसे, आणि एकदां घोटलेलें व्याकरण आयुष्यभर सुटत नसे. गुण्यांच्या बाबतींत तरी तें सुटलें नाहीं असें त्यांच्या पुढील कामावरून दिसतें. बडोद्यास शिकत असतां त्यांनीं प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यांत १९०७ पासून तीन वर्षें मेहनत केली. १९१० सालीं ते बी. ए. झाले. नंतर खानदेशांत अमळनेर येथें शिक्षणाच्या कामांत पडले, आणि १९२१ ते १९२३ पर्यंत तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते. मधल्या काळांत, १९१९ सालीं, नर्मदाकांठीं मालसर येथें परमहंस माधवदास ह्या बंगाली साधूंपाशीं त्यांनीं योगाचे धडे घेतले. माधवदासजी १९२१ सालीं निवर्तले. म्हणजे गुरूचा सहवास दोन वर्षांचाच. पुढचा सारा अभ्यास पोथी आणि स्वतःचा देह ह्यांच्या आधारें करावयाचा होता.

ह्या वेळीं योगाच्या पोथ्यांची स्थिति मोठी चमत्कारिक होती. पोथ्या सर्वत्र होत्या, छापल्याहि जात होत्या. पण त्यांत देहाचें जें वर्णन येतें, त्याचें काय करावें ह्याविषयीं विद्वानांत दोन टोंकें झालीं होतीं. एक टोंक स्वामी दयानंद सरस्वतींच्या आत्मवृत्तांत पाहावयास मिळतें. तरुणपणीं गंगेच्या कांठानें हिंडतांना त्यांना पात्रांतून वाहत चाललेलें एक प्रेत दिसलें. जवळच्या योगविषयक पोथ्यांत चक्रांचें आणि नाड्यांचें वर्णन होतें. त्यांनीं पाण्यांत उडी घालून तें प्रेत कांठाशीं ओढलें, सुरीनें चिरून पाहिलें, आणि वर्णनाशीं कांहींच जुळेना तेव्हां त्या पोथ्या फाडून प्रेताबरोबरच नदींत टाकून दिल्या. सत्यशोधनाची ही तळमळ विलक्षण खरी. पण पोथींतील शब्द मेलेल्या देहाविषयीं बोलत होता कीं जिवंत माणसाच्या अनुभवाविषयीं, हा प्रश्न तेथें विचारलाच गेला नाहीं.

दुसरें टोंक ह्याच्या उलट. मुंबईचे डॉक्टर वसंत रेळे ह्यांनीं १९२७ सालीं कुंडलिनीवर इंग्रजींत एक पुस्तक लिहिलें. त्याला सर जॉन वुड्रफ ह्यांची प्रस्तावना आहे. कुंडलिनी म्हणजे मेंदूंतून निघून छातींत व पोटांत उतरणारी ‘व्हेगस’ नांवाची मज्जा होय, असें त्यांनीं प्रतिपादिलें. येथें पोथी नदींत टाकिली नाहीं. पण तिच्या अंगावर दुसऱ्याचा अंगरखा बळेंच चढविला. एक ‘नाडी’ हा शब्द घ्या. वैद्याच्या बोटांखालीं ती ठोके देते. योगग्रंथांत ती प्राण वाहून नेणारी वाट आहे. बायका परकराला ओंवतात तीहि नाडी. आणि मावळांतला शेतकरी मोटेच्या जाड दोराला नाडा म्हणतो. शब्द एकच, पण कोण, कोठें आणि कशासाठीं बोलतो आहे हें पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ ठरत नाहीं. डॉक्टर रेळे ह्यांचा हेतु वाईट नव्हता. आपल्या पूर्वजांना शरीरशास्त्र ठाऊक होतें असें दाखविण्याची त्या काळीं पुष्कळांना घाई झाली होती, आणि घाईंत वाचलेल्या पोथींत वाचणाराला आपलाच चेहरा दिसतो.

गुण्यांनीं तिसरी वाट धरली. पोथींत जी क्रिया सांगितली आहे ती जिवंत माणसानें करावी, ती करीत असतां देहांत काय घडतें तें यंत्रानें पाहावें, आणि मग पुन्हां पोथीकडे वळून शब्द वाचावा, अशी ती वाट. आरंभींचे प्रयोग त्यांनीं बडोद्याच्या रुग्णालयांत क्ष-किरणांच्या साह्यानें केले. उड्डियान आणि नौलि ह्या दोन क्रिया त्यांनीं घेतल्या. नौलि म्हणजे पोटाचे मधले स्नायु दोन्ही बाजूंनीं आवळून खांबासारखे पुढें काढणें. हठयोग्यांची एक ख्याति अशी होती, कीं ते पाण्यांत बसून गुदमार्गानें पाणी आंत ओढून घेतात. ह्या क्रियेला बस्ति म्हणतात. पोथी त्या ठिकाणीं नळी घालावी आणि आधाराचें आकुंचन करावें एवढेंच सांगते. प्रयोगांत पाऱ्याचा दाबमापक लावून पाहिलें, तेव्हां नौलि चालू असतां मोठ्या आंतड्यांतील दाब बाहेरच्या हवेपेक्षां कमी होतो असें आढळलें. पाणी आंत कां जातें ह्याचें उत्तर त्या कमी झालेल्या दाबांत होतें. ह्या अर्धवट पोकळीला त्यांनीं आपल्या गुरूचें नांव देऊन ‘माधवदास व्हॅक्यूम’ म्हटलें.

ह्यांत लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी, कीं ह्या प्रयोगानें पोथी खोटीहि ठरली नाहीं आणि सर्वज्ञहि ठरली नाहीं. पोथीनें कृति सांगितली होती, कारण सांगितलें नव्हतें. कृति सांगणाराकडून कारणाची अपेक्षा करणें हा वाचकाचा दोष. खेड्यांतली सुईण बाळंतपण नीट करी. तिला गर्भाशयाच्या स्नायूंची नांवें येत नसत म्हणून तिची कृति लटकी ठरत नसे, आणि कृति बरोबर म्हणून तिनें दिलेलें कारणहि बरोबर ठरत नसे.

१९२४ च्या ऑक्टोबरांत लोणावळ्याच्या कुंजवनांत संस्था उभी राहिली आणि त्याच वर्षीं ‘योगमीमांसा’ नांवाचें इंग्रजी त्रैमासिक निघूं लागलें. त्यांत प्रयोगांच्या हकीकतींना एक विभाग, अर्धशास्त्रीय चर्चेला दुसरा आणि सामान्य वाचकाला आसनें वगैरे समजावून देण्यास तिसरा, अशी योजना होती. नियतकालिकाचें नांव मात्र विचार करण्याजोगें आहे. मीमांसा हा शब्द संस्कृत पंडिताच्या कानाला नुसता ‘चर्चा’ असा ऐकूं येत नाहीं. वाक्याचा अर्थ कसा लावावा, ह्याचें जें जुनें शास्त्र, त्याचें तें नांव आहे. त्या शास्त्रानें वेदवाक्यांचे प्रकार पाडले. ‘अमुक करावें’ असें सांगणारें वाक्य तो विधि. त्या कर्माची स्तुति करून माणसाला तें करावयास प्रवृत्त करणारें वाक्य तो अर्थवाद. अर्थवाद म्हणजे असत्य नव्हे. त्याचें काम निराळें. मूल कडू काढा पीत नाहीं, तेव्हां आई लाडवाचें आमिष दाखविते. काढा पिणें हा विधि, लाडू हा अर्थवाद. आणि रोग बरा होतो तो काढ्यानें.

हठप्रदीपिका हा योगाचा प्रमुख ग्रंथ पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्माराम नांवाच्या योग्यानें रचला. त्यांत विपरीतकरणीचें वर्णन येतें. डोकें खालीं आणि पाय वर करून राहावयाचें. शीर्षासनहि ह्यांतच येतें असें पुष्कळ मानतात. ग्रंथकार सांगतो, कीं सहा महिन्यांत सुरकुत्या आणि पांढरे केस नाहींसे होतात, आणि जो रोज प्रहरभर हें करील तो काळाला जिंकतो. पण त्याच ठिकाणीं, त्याच ओघांत, तो असेंहि सांगतो, कीं पहिल्या दिवशीं हें क्षणभरच करावें आणि मग दिवसेंदिवस थोडें थोडें वाढवावें. शिवाय करणारानें भरपूर जेवावें, कारण जठराग्नि वाढलेला असतो. आतां ह्यांतलें काय घ्यावयाचें? उत्साही साधक काळाला जिंकण्याचें वाक्य पाठ करतो आणि क्षणभराचें विसरतो. संशयी डॉक्टर पांढऱ्या केसांचें वाक्य वाचून पुस्तकच मिटतो. दोघेहि अर्थवाद वाचतात. रोग्याच्या उपयोगाचा जो विधि, तो दोघांच्याहि हातून निसटतो.

कुवलयानंदांच्या आसनांवरील पुस्तकांत ह्या ‘क्षणभरा’ला पुरता मान मिळालेला दिसतो. शीर्षासन थोड्या अवधीपासून आरंभून आठवड्या-आठवड्यानें वाढवावें असें तें सांगतें. ज्यांचे कान वाहतात, ज्यांच्या डोळ्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या दुबळ्या आहेत, ज्यांचें हृदय अशक्त आहे, त्यांनीं तें करूं नये अशी सूचनाहि देतें. पुष्कळ वर्षांनंतर, २००६ सालीं, चेन्नईच्या नेत्रवैद्यांनीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. शीर्षासन चालू असतां डोळ्यांतील दाब सुमारें दुप्पट होतो असें त्यांत आढळलें. नित्याच्या साधकांत तो दाब कायमचा वाढलेला आढळला नाहीं. परंतु कांचबिंदूच्या रोग्यानें ह्या आसनाच्या वाटेस जावें कीं नाहीं, ह्याचा विचार डॉक्टरला विचारूनच केला पाहिजे, हें त्यावरून उघड होतें.

प्राणायामाच्या बाबतींत तर स्वामींनीं आपल्याच पक्षाच्या लोकांना निराश केलें. प्राणायामानें पुष्कळ प्राणवायु शरीरांत जातो आणि म्हणून आरोग्य लाभतें, असें त्या काळीं व्याख्यानांतून सर्रास सांगत, आजहि सांगतात. कुवलयानंदांनीं प्रयोग करून आणि हिशेब मांडून लिहिलें, कीं हें म्हणणें बरोबर नव्हे. प्राणायामाचें मोल प्राणवायूच्या पुरवठ्यांत नाहीं, दाबांतील फेरफार आणि मज्जासंस्थेला लागणारें वळण ह्यांत तें शोधावें. ‘प्राण’ ह्या शब्दाचें ‘ऑक्सिजन’ असें भाषांतर केलें कीं सारें कसें सोपें होतें! पण योगाच्या पोथींतला प्राण आणि रसायनशाळेंतला प्राणवायु ह्यांची गांठ केवळ मराठी प्रतिशब्द घडविणाराच्या टांकानें बांधली गेली आहे. पुढें त्रावणकोरचे कोवूर बेहानन हे अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या वतीनें लोणावळ्यास येऊन सुमारें वर्षभर राहिले, आणि परत गेल्यावर त्यांनीं स्वतःवरच मापें घेतलीं. कांहीं प्राणायामांत प्राणवायूचा खप वाढतो असें त्यांना आढळलें. म्हणजे ह्या बाबतींत शिष्याचे आंकडे गुरूशीं पुरते जुळले नाहींत. बुद्धीच्या कामाचा वेग प्राणायामानंतर लगेच मंदावतो, असेंहि त्यांनीं १९३७ सालच्या आपल्या पुस्तकांत प्रांजळपणें नमूद केलें. त्याबरोबरच मनाला एक प्रकारची स्वस्थता येते, हेंहि त्यांनीं लिहिलें. प्रयोगाचें फळ असें दुहेरी असतें. जाहिरातीचें कधींच नसतें.

हें झालें निरोगी साधकाविषयीं. रोग्याचें काय? मार्च १९२७ मध्यें ह्याच बाजूच्या दौऱ्यांत गांधीजींची प्रकृति एकाएकीं ढांसळली. रक्ताचा दाब फार वाढला होता. विश्रांतीसाठीं ते प्रथम आंबोलीस आणि मग म्हैसूर संस्थानांत नंदीच्या डोंगरावर राहिले. त्या काळांत त्यांचा कुवलयानंदांशीं पत्रव्यवहार झाला, आसनांविषयीं सल्ला घेतला गेला, आणि गांधीजींनीं आपल्या प्रकृतीचें बारीकसारीक वर्तमान कळविलें. डॉक्टर जवळ होतेच. त्यांना दूर सारलें नव्हतें. ह्या पत्रांत रोगी केवळ दाबाचा आंकडा नसतो. काय केलें, काय वाटलें, झोंप कशी लागली, हें सांगणारा तो एक माणूस असतो, आणि त्याच्या सांगण्यास पुरावा म्हणून किंमत असते. डॉक्टरच्या कागदावर हें सांगणें एका ओळींत उरतें.

पतंजलीनें चित्ताला विक्षेप आणणारे जे अंतराय मोजले आहेत, त्यांत पहिला व्याधि आहे. रोग हा येथें मनाच्या मार्गांतला पहिला धोंडा म्हणून मांडला गेला आहे. त्याच्या जोडीला दुःख, मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि श्वासाची विषमता हीं येतात. लांबचा आजार ज्यानें काढला असेल, त्याला ही यादी कोणी समजावून सांगावयास नको. तपासणीच्या कागदावर न येणारें सारें तिच्यांत आलेलें आहे. मराठींत आधि आणि व्याधि हे शब्द जोडीनें येतात ते उगाच नव्हे. कुवलयानंद आणि डॉक्टर विनेकर ह्यांनीं मिळून योगचिकित्सेवर लिहिलेलें इंग्रजी पुस्तक केंद्र सरकारच्या आरोग्यखात्यानें १९६३ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत चिकित्सेचीं जीं मुख्य तत्त्वें सांगितलीं आहेत, त्यांत पहिला मान मनाच्या योग्य वृत्तींना आहे. दुसरा, ताण सोसण्यासाठीं मज्जा, स्नायु आणि ग्रंथि ह्यांना वळण लावण्यास. आणि तिसरा, पथ्य आहाराला व मलशुद्धीला. आसनांचें पुस्तक समजून जो तें उघडील, त्याला मैत्री आणि करुणा ह्यांच्यावर पानें खर्ची पडलेलीं पाहून नवल वाटेल.

येथवर प्रयोगशाळेची बाजू झाली. संस्थेची दुसरी बाजू ग्रंथसंशोधनाची. तिकडे पाहुण्यांची नजर क्वचित् जाते, कारण तेथें चमकणारें यंत्र नाहीं. टेबलावर पांच-सात हस्तलिखितें उघडून बसावयाचें, एकेक श्लोक जुळवावयाचा, कोठें अक्षर गळलें, कोठें लेखकानें दुसऱ्याच ग्रंथांतला श्लोक घुसडला, हें पाहावयाचें. पुण्यास भांडारकर संशोधन मंदिरांत महाभारतासाठीं जें काम मोठ्या प्रमाणावर झालें, तेंच हें लहान प्रमाणावर. वैद्यकाला ह्या कामाची गरज नवी नव्हती. मुंबईचे डॉक्टर अण्णा मोरेश्वर कुंटे ह्यांनीं १८८० सालीं अष्टांगहृदयाची संशोधित प्रत निर्णयसागर छापखान्यांतून काढली, ती ह्याच गरजेपोटीं. काव्यांत पाठ चुकला तर रसभंग होतो; औषधाच्या ग्रंथांत तो चुकला तर रोग्याच्या पोटांत भलतेंच जातें.

लोणावळ्याहून १९५८ सालीं गोरक्षशतक निघालें, १९६९ सालीं वसिष्ठसंहितेचें योगकांड निघालें, आणि १९७० सालीं स्वामी दिगंबरजी व डॉक्टर पीतांबर झा ह्यांनीं हठप्रदीपिकेची संशोधित प्रत सिद्ध केली. तेव्हां कुवलयानंद हयात नव्हते. १८ एप्रिल १९६६ रोजीं ते निवर्तले होते. ह्या प्रतींत एक गोष्ट अशी निघाली, कीं जिच्यासाठीं सारी मेहनत झाली म्हटलें तरी चालेल. हठप्रदीपिकेचे उपदेश चार, असें सर्व छापील प्रतींवरून आणि ब्रह्मानंदाच्या ज्योत्स्ना टीकेवरून लोक समजत आले होते. कांहीं हस्तलिखितांत मात्र पांचवा उपदेश होता. आणि त्याचा विषय काय? अभ्यासांत चूक झाल्यामुळें जो आजारी पडला, त्याची चिकित्सा.

प्राणायाम नीट केला तर रोग जातात आणि भलत्या रीतीनें केला तर रोग होतात, हें दुसऱ्या उपदेशांतहि आहे. उचकी, दमा, खोकला, डोकेंदुखी, कानाचीं व डोळ्यांचीं दुखणीं, अशी यादीच तेथें दिली आहे. मेद आणि कफ ज्याच्या अंगीं अधिक, त्यानेंच आधीं धौति-बस्ति वगैरे षट्कर्में करावीं, इतरांनीं करूं नयेत, असाहि निर्बंध आहे. आणि कांहीं आचार्यांना हीं कर्मेंच मान्य नाहींत, त्यांच्या मतें एकटा प्राणायाम पुरे, हा मतभेदहि ग्रंथकारानें दडविलेला नाहीं. पण धोक्याची सूचना देणें निराळें आणि धोका घडून गेलेल्या माणसाच्या उशाशीं बसणें निराळें. पांचवा उपदेश उशाशीं बसतो. गाफीलपणें अभ्यास करणाराला वातादि विकार होतात, वायु आडवाटेस जातो, तो अडून राहिला कीं नाना रोग उद्भवतात, असें सांगून तो उपाय सांगावयास लागतो. ज्या अवयवाला पीडा असेल, तेथील वायूचें एकाग्र मनानें चिंतन करावें. श्वास भरावा आणि बेतानें, शक्तीप्रमाणें पुरता सोडावा. ह्याबरोबरच, वैद्यकशास्त्रांत सांगितलेले उपचार काळजीनें करावे, आणि योगचिकित्साहि करावी, असें त्यांत आहे.

हें शेवटचें सांगणें किती मोलाचें आहे, हें योगाच्या नांवानें औषध टाकून देणाऱ्या माणसाच्या घरच्यांना विचारावें. मधुमेहाचें औषध बंद करून आसनांवर भिस्त ठेवणारे, दम्याची फुंकर फेंकून देऊन कपालभातीच्या मागें लागणारे लोक आजहि आढळतात, आणि आपण पूर्वजांच्या शास्त्राप्रमाणें वागतों अशी त्यांची समजूत असते. पूर्वजांच्या पोथीनेंच त्यांना वैद्याकडे धाडलें होतें. पण तें पान सर्वांच्या हातीं असलेल्या छापील प्रतींत नव्हतें. पुस्तकांतून एक प्रकरण गळावें आणि त्याचा परिणाम कोणाच्या फुप्फुसावर व्हावा, असा हा संबंध आहे. तो उपदेश मूळच्या स्वात्मारामाचा कीं मागाहून कोणा अनुभवी माणसानें जोडलेला, ह्याविषयीं विद्वानांनीं वाद घालावा. मागाहून जोडलेला असला तर त्याची किंमत एका अर्थीं वाढतेच. कारण मग साधक आजारी पडत होते आणि कोणीतरी त्यांची सोय पाहिली, असा त्याचा अर्थ होतो.

ह्या सगळ्या कामांत उणिवा नव्हत्या असें नाहीं. पहिल्या वर्षांतले प्रयोग थोड्या माणसांवर झाले, आणि ज्यांच्यावर झाले ते बहुतेक आश्रमांतलेच. तुलनेसाठीं दुसरा गट ठेवण्याची पद्धति तेव्हां रूढ नव्हती. सर्वांगासनानें गळ्यांतील ग्रंथीला रक्त अधिक मिळून तिचें काम सुधारतें, असें जें त्या काळीं लिहिलें गेलें, तें सिद्ध झालेलें नाहीं. आणि तें लिहितांना खुद्द स्वामीहि, डॉक्टर रेळे ह्यांच्याप्रमाणेंच, नव्या शास्त्राचा अंगरखा जुन्या क्रियेवर चढवीत होते असें म्हणणें भाग आहे. सावध माणसाचाहि पाय केव्हां केव्हां घसरतो. उलट, अमेरिकेचे वेंगर आणि बागची हे दोघे १९५७ सालीं यंत्रें घेऊन भारतांत हिंडले, आणि हृदय बंद पाडण्याच्या ख्यातीची त्यांनीं तपासणी केली. छातीवर ठोका ऐकूं येईनासा होतो आणि मनगटाची नाडी लागत नाहीं हें खरें ठरलें. पण विजेच्या आलेखांत हृदय चाललेलेंच होतें. २०१७ सालीं अमेरिकेंतील वैद्यांच्या एका प्रमुख संस्थेनें जुनाट कंबरदुखीसाठीं औषधाआधीं करून पाहण्याच्या उपायांत योगाचें नांव घातलें. काळाला जिंकण्याच्या मानानें ही प्राप्ति फार लहान. पण ज्याची कंबर दुखते त्याला ती लहान वाटणार नाहीं.

पोथ्यांचें काम लोणावळ्यास चालूच राहिलें. कैवल्यधामांत अनेक वर्षें घालविलेले डॉक्टर मनोहर घरोटे ह्यांनीं तेथेंच निराळी संस्था काढली, आणि २००१ सालीं परिमल देवनाथ ह्यांच्याबरोबर हठप्रदीपिकेची आणखी एक प्रत प्रसिद्ध केली. तीत उपदेश चार नाहींत, पांचहि नाहींत, दहा आहेत.